हिरव्या भिंतीचे वावडे कशाला?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीला ‘रंग पाहावा देऊन’ एवढी पुरवणी जोडायला हरकत नाही. पाया, कॉलम, स्लॅब यांचे निर्णय गवंडी आणि इंजिनिअर घेतात. घरमालक मान डोलावतो. रंगाची वेळ आली की मात्र घरातल्या प्रत्येकाला मत फुटते. आजोबांना पांढरा हवा असतो, मुलीला फिकट जांभळा, मुलाला मोबाईलवर पाहिलेला करडा; आणि शेजारचे काका न विचारताच ‘क्रीम द्या, मळत नाही’ असा सल्ला देऊन जातात. तीन वर्षांनी स्विचबोर्डाभोवती उमटलेले बोटांचे ठसे पाहिले की त्या सल्ल्याची किंमत कळते.

अलीकडे या घरगुती वादात एका नव्या रंगाने उडी घेतली आहे. तो म्हणजे गडद हिरवा. पोपटी नव्हे, पिस्ता नव्हे. बाटलीच्या काचेसारखा, जुन्या कडुनिंबाच्या सावलीसारखा खोल हिरवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांच्या छायाचित्रांतून तो लहान गावांपर्यंत पोचला. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावातही आता रंगाच्या दुकानात मशीनवर हवी ती छटा मिसळून मिळते. शेडकार्ड चाळणारे बोट त्या हिरव्या पानावर क्षणभर थांबते आणि बहुधा पुढे सरकते. ते का सरकते? या रंगावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिले दोन मोठ्याने घेतले जातात, तिसरा हळू आवाजात. तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप उजेडाचा. ‘खोली अंधारी होईल’, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे वाऱ्यावर सोडू नये, कारण त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. हात-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, वर लाकडाची पाटणी आणि तिच्यावर मातीचा जाड थर. रस्त्याच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहीच. उजेड यायचा तो मधल्या चौकातून, दारातून, नाही तर छपराच्या झरोक्यातून. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन तापत असताना आतले माजघर गार असे. पण त्या गारव्याची किंमत अंधाराने मोजावी लागे. म्हणून भिंतीला चुना. चुना स्वस्त, दसरा-दिवाळीच्या आधी घरच्या घरी देता येणारा, बुरशीला आळा घालणारा. आणि मुख्य म्हणजे दारातून आलेला चिमूटभर उजेड कोपऱ्यापर्यंत पोचवणारा. त्यात थोडी नीळ टाकली की भिंत आणखी खुलत असे. पांढरी भिंत ही त्या घराची गरज होती. तिची परंपरा नंतर झाली.

आता ते घर राहिले नाही. माळवद गेले, स्लॅब आला. भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, डोक्यावर दिवे आले. उजेडाचा दुष्काळ संपला आणि गारव्याचा सुरू झाला. चुन्याच्या भिंतीमागचे कारणच उरले नसेल, तर केवळ सवयीने पांढऱ्याला चिकटून राहण्यात अर्थ नाही. मात्र विज्ञान आपल्या सवयीप्रमाणे बदलत नाही. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड खोलीत परत फेकते. गडद हिरवी भिंत जेमतेम दहावा हिस्सा. चारही भिंती गडद केल्या तर दहा बाय बाराच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागेल. एप्रिल उजाडला की आपल्याकडे एका खिडकीत कूलर बसतो, म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने उजेड आधीच निम्मा. तेव्हा गडद रंग द्यावा, पण एका भिंतीला; उरलेल्या तीन आणि छत फिकट ठेवावे.

ती एक भिंत कोणती, हेही डोळसपणे ठरवावे. खिडकी ज्या भिंतीत असते ती भिंत स्वतः सावलीत असते, तिच्यावरचा हिरवा रंग काळाच दिसतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड सरळ पडतो, तिथे तोच रंग जिवंत होतो. पश्चिमेचे पिवळे ऊन हिरव्याला ऊब देते. उत्तरेचा थंड उजेड त्याला निस्तेज करतो. दुकानातल्या बोटभर चौकोनावरून यातले काहीच कळत नाही. पावशेर रंग आणून भिंतीवर दोन फूट लांब-रुंद पट्टा मारावा आणि दोन दिवस सकाळी, दुपारी, रात्री पाहावा. लग्नासाठी आपण पत्रिका जुळवून घेतो, भिंतीसाठी दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?

आणि एक गैरसमज आताच दूर करावा. हिरव्या भिंतीने खोली थंड होत नाही. डोळ्यांना गार वाटते हे खरे, पण पारा हलत नाही. खोली थंड करायची तर गच्चीवर पांढरा थर द्यावा आणि पश्चिमेला कडुनिंब लावावा. भिंतीवरचा हिरवा रंग अंगणातल्या हिरव्याला पर्याय होऊ शकत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते ज्याच्या स्मरणात आहे त्या मराठवाड्याने तरी हे विसरू नये.

दुसरा आक्षेप मजेदार आहे. ‘घर दवाखान्यासारखे दिसेल.’ हाही हवेतून आलेला नाही. ज्यांचे बालपण सरकारी इमारतींच्या आगेमागे गेले, त्यांच्या डोळ्यांपुढे एक भिंत कायमची उभी आहे. खाली कमरेइतका हिरवा ऑइल पेंट, वर पिवळसर डिस्टेंपर आणि दोहोंच्या मध्ये एक काळी रेघ. शाळा तीच, दवाखाना तोच, कचेरीही तीच. डाग दिसू नयेत, ओल्या फडक्याने पुसता यावी एवढाच तिच्यामागचा हेतू. त्या भिंतीला पाठ टेकवून आपण रांगेत उभे राहिलो, निकालाची वाट पाहिली, आजारी माणसाजवळ रात्री काढल्या. एका अख्ख्या पिढीसाठी हिरवा रंग म्हणजे ताटकळणे.

दवाखान्यात हिरवा आला त्याला मात्र कारण होते. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील हॅरी शर्मन या शल्यविशारदाने आपल्या शस्त्रक्रियागृहाला पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला. सतत लाल रक्ताकडे पाहून नजर पांढऱ्या भिंतीवर गेली की डोळे दिपतात. लालच्या विरुद्धचा हिरवा समोर असला की ते विसावतात. पुढे डॉक्टरांचे झगेही हिरवे झाले. म्हणजे ज्या रंगाला आपण उदास म्हणतो तो मुळात थकलेल्या डोळ्यांच्या विसाव्यासाठी निवडलेला होता. तो उदास झाला तो फिकट, राखाडी छटेमुळे आणि वरच्या निळसर ट्यूबमुळे. आजही खोल हिरव्या भिंतीवर पांढराफटक एलईडी दिवा लावला तर बैठकीची ओपीडी होणारच. तिथे पिवळसर उजेडाचा दिवा लावावा. जुन्या साठ वॅटच्या बल्बचा उजेड ज्यांना आठवतो त्यांना तो ओळखीचा वाटेल. त्या उजेडात पितळी समई, शिसवी खुर्ची, आजी-आजोबांचा चौकटीतला फोटो हिरव्या भिंतीवर जसा उठून दिसतो तसा क्रीमवर कधीच दिसत नाही.

आता तिसरा आक्षेप. तो शब्दांत पुरता येतही नाही. ‘हिरवा? आपल्या घरात?’ एवढेच विचारले जाते आणि भुवई उंचावते. पुढचे न बोलता समजून घ्यायचे असते. लोक काय म्हणतील, पाहुणे काय समजतील. रंगाला धर्म चिकटला आहे आणि तो धर्म ‘त्यांचा’ आहे, असा त्याचा सरळ अर्थ. मला वाटते, खरा विचार करायचा तो याच आक्षेपाचा.

इस्लामी परंपरेत हिरव्याला मानाचे स्थान आहे, यात शंका नाही. पण मान देणे वेगळे आणि मालकी सांगणे वेगळे. आपल्या लग्नघरात डोकावून पाहा. नवरीच्या हातात हिरवा चुडा भरल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. डोहाळजेवणाला हिरवी साडी, ओटीला हिरवा खण, दाराला आंब्याचे तोरण, सत्यनारायणाला केळीचे खुंट, गणपतीला दूर्वा, महादेवाला बेल, विठ्ठलाला तुळस. आपल्या घरातले प्रत्येक शुभकार्य हिरव्या रंगाच्या साक्षीने पार पडते. आणि तो हिरवा चुडा भरतो कोण? कुठे कासार, तर मराठवाड्यात कित्येक ठिकाणी मणियार, म्हणजे बहुधा मुसलमान. काचेच्या बांगड्या येतात त्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून, तिथल्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कारागिरांतही मुसलमान पुष्कळ. हिंदू नवरीचे सौभाग्य मुसलमान कारागिराच्या हातून येते आणि मुसलमान मणियाराच्या हाताने मनगटावर चढते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आणि कुणाला त्यात वावगे दिसले नाही. मनगटावर चालणारा रंग भिंतीवर का चालू नये?

मागे जायचे तर आणखी मागे जाता येते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी आपल्याच मराठवाड्यातली. तिथल्या सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रांत निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द दूरच्या मुलखातून आणावा लागला. हिरवा मात्र हिरव्या मातीचा. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अशी हिरवी माती सापडते. म्हणजे मराठवाड्यातल्या भिंतीवर हिरवा रंग लागला तो बौद्ध भिक्खूंच्या विहारांत, आणि तो ज्या खडकात मिळतो तोच आपल्या पायाखाली आहे. गोदावरीने गंगाखेडच्या वरच्या अंगाला पैठण पाहिलेले आहे. तिथल्या पैठणीच्या पदरावर पोपट बसतो तोही हिरवा. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो. तिथे हिरवी चादर चढवायला सर्व धर्मांची माणसे रांगेत उभी असतात. मग हिरवा नेमका कुणाचा? बौद्ध चित्रकाराचा, पैठणच्या विणकराचा, मणियाराचा, नवरीचा, की दर्ग्याच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा?

खरी गोष्ट अशी की रंग झेंड्यावर गेला की तो घरातून हद्दपार होऊ लागतो. मिरवणुका, कमानी, निवडणुका यांनी भगवा, हिरवा, निळा हे रंग वाटून घेतले. पाहता पाहता साध्या माणसालाही शर्ट विकत घेताना क्षणभर विचार करावा लागू लागला. गावातल्या गल्ल्या आणि मोहल्ले असे वाटले गेलेच आहेत; ती वाटणी भिंतीच्या आतल्या अंगालाही येऊ द्यायची का, हा प्रश्न आहे. हा प्रश्न एका बाजूचा नाही. एखाद्या मुसलमान कुटुंबाला केशरी दार आवडले, तर त्यानेही ते चारचौघांच्या धाकाने पुसून टाकू नये. घर ही माणसाची अखेरची स्वतःची जागा. तिथेही शेजाऱ्याच्या भुवईला विचारून रंग निवडायचा असेल, तर ते घर आपले कसले?

हिरव्या रंगाची भीती बाळगायचीच असेल तर ती वेगळ्या कारणासाठी बाळगावी. हा रंग एके काळी खरोखरच विषारी होता. १७७५ साली कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवरचे कागद, कापडी फुले, मुलांची खेळणीसुद्धा अशा रंगांनी रंगली. भिंतीवरचा रंग भुकटी होऊन घरभर पसरे आणि माणसे आजारी पडत. सेंट हेलेना बेटावर नेपोलियन ज्या घरात कैदेत होता तिथल्या भिंतीच्या कागदातही पुढे आर्सेनिक सापडले. त्याच्या मृत्यूचे कारण मात्र पोटाचा कर्करोग मानले जाते.

आपल्याकडच्या विषाचे नाव शिसे. जुना हिरवा ऑइल पेंट पुष्कळदा दोन रंग मिसळून बनत असे: प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा. हा क्रोम पिवळा म्हणजे शिशाचा क्षार. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते आणि ते अगदी थोडे असले तरी सुरक्षित मानले जात नाही. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असण्यास बंदी घातली. आज नामांकित डब्यातला गडद हिरवा बहुधा फ्थॅलोसायनिन या तांबेयुक्त सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो. ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि उन्हात सहसा विटत नाही. तेव्हा नव्या रंगाचे भय नाही. डब्यावर शिशाबद्दलचा उल्लेख तेवढा वाचून घ्यावा आणि नाव-गाव नसलेला सुटा रंग घेऊ नये. भय आहे ते जुन्या दारांचे. दिवाळीच्या आधी आजोबांच्या काळातल्या हिरव्या दारावर कोरडा सँडपेपर चालू होतो, धूळ उडते, आणि त्याच धुळीत घरातले रांगते मूल खेळत असते. जुना थर पाण्याने ओला करून घासावा. त्या दिवशी मुलांना आणि गरोदर बाईला दुसऱ्या घरी पाठवावे. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ‘कुणाचा रंग’ याची चर्चा करण्यापेक्षा ‘कशाचा रंग’ याची चौकशी केलेली बरी.

दोन गोष्टी रंगाऱ्याकडून समजून घेण्यासारख्या आहेत. गडद छटा ज्या बेसमध्ये मिसळतात त्यात पांढरे रंगद्रव्य अगदी कमी असते, म्हणून दोन हातांत भिंत झाकत नाही. तिसरा, कधी चौथाही लागतो. हिशेब तसाच करावा. दुसरे म्हणजे, ज्या भिंतीला ओल आहे तिला लोणा लागतो, आणि पांढऱ्या भिंतीवर लपणारा लोणा हिरव्या भिंतीवर पिठासारखा दिसतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आधी कोरडी करावी, मग रंगाचा विचार करावा.

शेवटचा मुद्दा निवडीचा. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दळण, कांडण, झाडलोट या ज्या कामांना कुणी काम म्हणत नव्हते, त्या कामांत जनाबाईंनी विठ्ठलाला सोबतीला बोलावले. घराच्या चार भिंतींत राबणाऱ्या बाईचे मन मराठीत इतक्या थेटपणे उमटले ते त्यांच्या अभंगांत. त्यांच्या गावात तरी भिंतीचा रंग घरातल्या बाईला विचारून ठरावा, ही अपेक्षा फार नाही. प्रत्यक्षात काय घडते? शेडकार्ड पुरुषांच्या हातात असते, भाव ते करतात, डबे तेच आणतात. बाईला दिसते ती ओली भिंत. त्या भिंतीसमोर दिवसाचे दहा-बारा तास जाणार असतात ते तिचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेल्या सासूबाईंना अंधाऱ्या बोळात पायरी दिसेल का, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर उजेड पुरेल का, कोळ्याचे जाळे कुठे धरते, हे तिला ठाऊक असते, दुकानदाराला नव्हे. कदाचित ती हिरवा नको म्हणेल, चुन्यासारखा पांढराच हवा म्हणेल. तर पांढरा द्यावा. पण तो तिच्या आवडीने द्यावा, लोकांच्या भीतीने नव्हे.

हिरव्या रंगाचा प्रचार करावा असे माझ्या मनात नाही. प्रत्येक घराला तो शोभेलच असेही नाही. म्हणणे एवढेच आहे की तो नाकारायचा तर योग्य कारणाने नाकारावा: उजेड कमी आहे, भिंतीला ओल आहे, घरच्यांना रुचत नाही. ही कारणे सरळ आहेत आणि ती पुरेशी आहेत. भिंत रंगवण्याआधी तिच्यावर उजेड किती पडतो ते पाहावे आणि घरातल्या बाईला तिची आवड विचारावी. तिसऱ्या कुणाला विचारण्याची गरज नाही.